ओळंब्याची साक्ष

मार्गशीर्षातली सकाळ. कृष्णेचे पात्र कृश झालेले, घाटाच्या काळ्या पायऱ्या तळापर्यंत उघड्या पडलेल्या. धुके विरत विरत वर चढते, आणि त्याच्या मागून, चिऱ्यामागून चिरा प्रकट करत, दीपमाळ उभी राहते. कृष्णवर्णा, दवस्नाता, निःशंक सरळ.

तिला सरळ करणारा हात समोरच्या रुग्णालयात आहे. व्यायामोपचाराच्या खोलीत, लाकडी बाकावर, यल्लप्पा पाथरुट डावीकडे कललेला बसला आहे. वय एकसष्ट. चाळीस वर्षे त्याने दगड घडवले, दगडावर दगड चढवले. ढासळलेली ही दीपमाळ तीन हिवाळ्यांत पायापासून पुन्हा उभारली. भाद्रपदात रक्ताची एक इवली गुठळी त्याच्या मेंदूच्या उजव्या अंगाला जाऊन बसली, आणि डावा हात, डावा पाय ओल्या वाळूच्या पोत्यासारखे जड झाले.

आघात तेवढ्यावर तृप्त नव्हता. त्याने यल्लप्पाच्या आतला, सरळ काय ते सांगणारा ओळंबाच ढळवला. कललेला देह त्याला आता ताठ वाटतो. ताठ बसवला की उजवीकडे कडा उघडतो, खोल, अथांग, वाऱ्याने भरलेला. मग धडधाकट उजवा हात प्राणपणाने बाक रेटतो, देहाला त्या कड्यापासून डावीकडे लोटतो. वाचण्यासाठी लोटतो. आणि वाचता वाचता पडतो.

प्रत्यक्षाला ज्येष्ठ प्रमाण मानणाऱ्या पंडितांना भ्रमाची मोठी हौस. दोरीच्या ठायी सर्प, शिंपल्याच्या ठायी रजत. शतकानुशतके हा दृष्टान्त मांडी घालून चघळला गेला. मांडी घालून बसता येणे हे त्या चर्चेचे गृहीतक होते. ते कोणी सिद्ध केल्याचे आढळत नाही.

घरी त्याला बांधून ठेवावे लागते. बायको नागव्वा खानावळीत भाकऱ्या थापायला जाते, तेव्हा जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी त्याच्या पोटावरून, खुर्चीच्या पाठीमागून फिरते, आणि मागे गाठ बसते. न बांधता दोनदा पडला. दुसऱ्या वेळी भुवईवर तीन टाके. पट्टी डाव्या कुशीत दिवसभर ताणलेली असते. तिथे कातडीवर हिरवट-काळा वळ उमटला आहे. इतक्या महिन्यांत त्याने एकच मागणे मागितले: मला बांधू नका. उपचार देणाऱ्या रेश्मा मुजावरने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केले होते. मोठा काटा दोनवरून चारवर जाईपर्यंत एकट्याने बसाल, त्या दिवशी पट्टी सुटेल.

त्रिपुरी पौर्णिमेला नगरीने त्याचा गौरव केला, हेही नोंदवले पाहिजे. दीपमाळेवर दीप, दीपांच्या उजेडात व्यासपीठ, व्यासपीठावर यल्लप्पा. प्रमुख पाहुणे सरळपणावर सव्वा तास बोलले. शाल पांघरली गेली, श्रीफळ मांडीवर ठेवले गेले, आणि सत्कारमूर्ती खुर्चीतून घरंगळू लागली. विश्वस्त तत्पर होते. दोघांनी तीच शाल त्याच्या छातीवरून घेतली आणि खुर्चीला करकचून बांधली. छायाचित्रात गाठ दिसत नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. कृतज्ञतेचे वस्त्र इतके उपयुक्त कधी ठरले नव्हते.

आज नागव्वाने त्याची हत्यारांची पिशवी आणली आहे. रोजच्या कामातले एखादे हत्यार आणा, असे रेश्माने सांगितले होते. पिशवीतून निघतो ओळंबा: लांब दोऱ्याला टांगलेला पितळी गोळा, जड, अंगठ्याच्या स्पर्शाने जागोजाग झिजून सोनसळी झालेला. रेश्मा दोरा उंच धरते. समोर मोठा आरसा. आरशात दोरा, आणि दोऱ्यापासून दूर पळणारा एक माणूस.

"बघा आण्णा. कोण कललंय?"

"आरसा," यल्लप्पा म्हणतो. "सरकारी भिंत हाय. त्यावर सरळ काय लागनार?"

"आरशाची कड न् दोरा तर जुळतोय."

"मग तुझा हात कलता, पोरी."

नागव्वा कोपऱ्यातून हसते. पुष्कळ दिवसांनी हसते. "चाळीस वर्सं दुसऱ्यानं धरलेल्या दोऱ्यावर ह्यांनी एक चिरा बशिवला न्हाई. सख्ख्या भावाशी भांडलं त्यापायी. द्या त्येंच्याच हातात, म्हंजे तोंड मिटंल."

रेश्मा थबकते. पाच दिवस ती त्या उजव्या हाताची मनधरणी करत होती, बाक सोड, रेटू नकोस. पाच दिवस ती बोटे लाकडात रुतून बसली होती. ती दोरा पुढे करते.

आणि हात उठतो. शिकवण्याने न उठलेला हात सवयीने उठतो. बोटांत दोरा, कोपर उंच, एक डोळा बारीक. रेटणारे कोणी उरले नाही. देह, अनाथ झालेला, हळूहळू मध्याकडे सरकतो.

तत्क्षणी कडा उघडतो.

"पडलो," तो पुटपुटतो. कपाळावर घाम, ओठ पांढुरके. रेश्माचे तळवे त्याच्या बरगड्यांपासून वीतभर दूर, पसरलेले, न टेकलेले.

"पडत नाही. दोऱ्याकडं बघा."

दोरा थरथरतो. पितळ वर्तुळे काढते. आणि इथे त्याला धंद्याची रीत अडवते, कारण हलत्या ओळंब्यावर पाथरवट निवाडा देत नाही. आधी स्थैर्य, मग निवाडा. तो वाट पाहतो. रोमरोम ओरडतो आहे की खाली दरी आहे, आणि तो वाट पाहतो. वर्तुळ लहान होते. वर्तुळ बिंदू होते. पितळ निश्चल.

आरशात दोरा उतरतो: कपाळावरून, नाकावरून, सदऱ्याच्या गुंड्यांवरून, एकेका गुंडीवरून. जो देह आत्ता, या क्षणी, दरीत कोसळतो आहे, तो आरशात सरळ आहे.

देह एक सांगतो. दोरा दुसरे सांगतो. दोघांतला एक खोटा आहे, आणि दोऱ्याने आयुष्यात त्याला फसवलेले नाही.

"मी कलता हाय," यल्लप्पा म्हणतो. दुसऱ्याचा चिरा नापास करताना लागे तोच कोरडा, निर्दय आवाज. "समदं उतरवून पुन्हा चढवाय लागंल."

मोठा काटा दोनवरून निघालेला, तीनवर पोहोचतो. तीनच्या किंचित पुढे दंड थकतो, हात खाली येतो, बोटे पुन्हा लाकूड शोधतात, आणि तो रेश्माच्या हातांत कलंडतो. अर्धी वाट. तिने घातलेली अट तशीच आहे. चाकांच्या खुर्चीत बसवल्यावर नागव्वा पट्टी काढते, पोटावरून घेते, मागे गाठ मारते. तिची बोटे गाठीवर जरा जास्त वेळ थांबतात.  तो ओळंबा मात्र सोडत नाही.

घाटावर ऊन उतरले आहे. खुर्ची दीपमाळेसमोर येते, तेव्हा तो हात वर करून थांबायला सांगतो. दोरा सोडतो. पितळ डोलते, डोलते, थांबते. निमुळत्या होत गेलेल्या काळ्या चिऱ्यांच्या मध्यावर पांढरा दोरा जुळतो, पायापासून माथ्यापर्यंत, केसभरही अंतर न ठेवता.

मग तो त्या दोऱ्याला स्वतःला जुळवू लागतो. बोटभर. आणखी बोटभर. प्रत्येक बोटाला एक दरी; प्रत्येक दरीत तो जाणूनबुजून उतरतो, डोळे उघडे ठेवून, दात आवळून, साक्षीदारावर विश्वासून.

नागव्वा मागे उभी आहे. तिला त्याचा चेहरा दिसत नाही. फक्त गाठ दिसते, आणि गाठीपासून डाव्या कुशीकडे गेलेली, दोन महिने ताणलेली हिरवी पट्टी.

दीपमाळ स्थिर. दोरा स्थिर. वाऱ्याची एक झुळूक नदीवरून येते, आणि पट्टी, सैल पडलेली, मंद हलते.