अमरावतीचा सूर्य, अकोल्याची भिंत

मी नमाजाचं घड्याळ बोलतोय. अकोल्याच्या जुन्या शहरात एका लहानशा मशिदीच्या भिंतीवर टांगलेलं, लाल आकड्यांचं. मला काटे नाहीत, लंबक नाही, टिकटिक नाही. वर आत्ताची वेळ आणि खाली पाच ओळी: फजर, जोहर, असर, मगरीब, इशा. माणसं येतात, मान वर करतात, आकडा बघतात आणि आपल्या वाटेला लागतात. इतक्या वर्षांत माझी कुणी विचारपूस केली नाही. आज मी आपणहून बोलतोय, तेव्हा गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म अमरावतीचा. टीव्ही आणि मिक्सर दुरुस्त करण्याच्या एका दुकानात स्वप्निल नावाच्या पोरानं मला जोडलं. त्याच्या घरचे गावाबाहेर वांगी, पालक आणि झेंडू पिकवतात. नमाजाशी त्याचा काही संबंध नव्हता, पण एका मौलवींकडून त्यानं सगळं नीट समजून घेतलं आणि ते गणित माझ्या पोटात बसवलं. त्याच्या हातून झालो म्हणूनच की काय, माझ्यासमोर कुणी उर्दूत बोललं तरी माझ्या कानाला ते वऱ्हाडीच ऐकू येतं. मी सांगणारही तसंच आहे.

पुष्कळांना वाटतं, नमाजाच्या वेळा कुठल्याशा पुस्तकात कायमच्या लिहून ठेवल्या आहेत. तसं नसतं. त्या रोज आभाळातून काढाव्या लागतात. सूर्य माथ्यावरून ढळला की जोहर. वस्तूची सावली, भर दुपारची मूळ सावली वगळून, तिच्या उंचीच्या दुप्पट झाली की असर. सूर्य अख्खा क्षितिजाखाली गेला की मगरीब. त्याच्यामागे रेंगाळणारा उजेड पार विझला की इशा, आणि पहाटे तोच उजेड पूर्वेला फुटू लागला की फजर.

मला डोळे नाहीत. मी आभाळ बघत नाही, हिशेबानं काढतो. त्यासाठी मला तारीख लागते आणि मी पृथ्वीवर नेमका कुठे आहे ते लागतं. पुढचं सगळं माझं मी करतो, पण मी कुठे आहे हे मला माणसानंच सांगावं लागतं. तुमच्या मनगटावरची वेळ सगळ्या देशाची एकच असते, सूर्य मात्र गावागणिक वेगळा असतो. पूर्वेकडच्या गावाला तो आधी सोडून जातो. अमरावती अकोल्याच्या पूर्वेला आहे, म्हणून अमरावतीत तो तीन मिनिटं आधी बुडतो. ही काही गुपिताची गोष्ट नाही. दोन्ही गावांत सोयरीक असलेल्या घरांना ती पक्की ठाऊक असते.

मला विकत घेतलं ते अमरावतीच्या एका हाजीसाहेबांनी, त्यांच्या मोहल्ल्यातल्या मशिदीसाठी. स्वप्निलनं त्यांच्यासमोर माझ्यात अमरावती भरली आणि बजावलं, "हे अमरावतीचं हाय बरं, हाजीसाब. कधी दुसऱ्या गावी नेलं तं याले ते गाव सांगा लागते." हाजीसाहेब तेव्हा फोनवर कुणाशी तरी बोलत होते. त्यांनी मान हलवली.

तिथली माझी वर्षं चांगली गेली, हे कबूल करतो. मी बरोबर होतो आणि बरोबर असण्यात एक सुख असतं. मग मशिदीत माझ्याहून मोठं, तापमानही दाखवणारं नवं घड्याळ आलं. हाजीसाहेबांची सासुरवाडी अकोल्याची. त्यांनी मला पुसून घेतलं, काचेवर आपल्या वडिलांचं नाव सोनेरी अक्षरांत रंगवून घेतलं आणि सवाब, म्हणजे पुण्य, म्हणून इथल्या मशिदीला देऊन टाकलं. रंगाऱ्याला नावाचं स्पेलिंग दोनदा तपासायला लावलं. माझ्यातलं गाव एकदाही तपासलं नाही.

इथे माझ्या जागी आधी एक छापील तक्ता होता. अकोल्याच्या वेळांचा, दरवर्षी नवा येणारा. मुअज्जिन दस्तगीरचाचा चष्मा चढवून त्यात बोटानं ओळ शोधायचे आणि अजान द्यायचे. मशीद कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, वकारसेठ यांनी तो तक्ता स्वतः उतरवला. एवढं चांगलं घड्याळ आल्यावर कागद कशाला, म्हणाले. मला टांगताना फोटो काढले गेले, पेढे वाटले गेले. मी त्या दिवशीही अमरावतीच्याच वेळा दाखवत होतो. मोठ्या, लाल, स्वच्छ आकड्यांत.

थोड्याच दिवसांनी रमजान लागला. उन्हाळ्याच्या तोंडाचा रमजान, त्यात अकोल्याचं ऊन. पहाटेच्या चुकीनं कुणाचं बिघडत नव्हतं, माणसं थोडी आधी खाणं थांबवत होती एवढंच. पण संध्याकाळी माझ्या आकड्यावर दस्तगीरचाचा भोंगा वाजवायचे आणि सूर्य अजून पुरता बुडलेला नसताना सगळा मोहल्ला खजूर तोंडात घालायचा. सूर्य बुडण्याआधी रोजा सोडला तर तो रोजा होत नाही. तो पुन्हा ठेवावा लागतो, त्याला कझा म्हणतात.

तुम्ही विचाराल, कुणाच्या लक्षात कसं आलं नाही. पश्चिमेला तीन मजली दुकानं उभी राहिली आहेत, सूर्य बुडताना दिसत नाही. मोबाईलवर दोन पोरांना दोन वेगळ्या वेळा दिसायच्या, मग घरातली मोठी माणसं म्हणायची की मशिदीचं तेच खरं. शेजारच्या मोहल्ल्यातली अजान उशिरा ऐकू यायची, तर आमच्या लोकांना त्याचा अभिमानच वाटायचा. आपल्याकडे इफ्तार लवकर होतो म्हणून बाजूच्या गल्लीतली माणसंही आमच्याकडे येऊ लागली. फायद्याची चूक कुणाला खटकत नाही, हे मी त्या महिन्यात शिकलो.

मशिदीसमोरच्या घरात जैनबबी राहायची. गल्ली इतकी अरुंद की तिच्या उंबऱ्यातून माझे आकडे वाचता यायचे आणि तिथलं बोलणं मला ऐकू यायचं. मुलगा ट्रकवर, महिना महिना बाहेर. घरात ती आणि तिची सून तहेसीन. जैनबबीला साखरेचा आजार होता. डॉक्टरांनी रोजे बंद सांगितले होते. तहेसीन तिला समजवायची की आजारी माणसानं गरिबाला जेवू घातलं तरी चालतं. त्यावर ती म्हणायची, "ज्याच्यानं होत नाई त्याच्यासाठी हाय ते. माह्यानं होऊन राहिलं." तिला वाटत होतं की हा आपला शेवटचा रमजान आहे, आणि तो तिला पुरा करायचा होता.

रोज संध्याकाळी ती उंबऱ्यात बसायची. ओठ सुकलेले, चिमटीत खजूर. नजर माझ्यावर. एवढ्या विश्वासानं माझ्याकडे दुसऱ्या कुणी कधी बघितलं नाही. मी तिला रोज तीन मिनिटं आधी सोडवत होतो, आणि ती रोज माझ्याकडे बघून "या अल्ला, तेरा शुक्र" म्हणत होती. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो.

उलगडा झाला तो शेवटच्या आठवड्यात. तहेसीनचं माहेर अमरावतीचं. एका संध्याकाळी ती बहिणीशी फोनवर बोलत होती. बोलता बोलता फोनमधून अमरावतीची अजान सुरू झाली आणि त्याच क्षणी माझ्या खालून दस्तगीरचाचांची. तहेसीन खजूर हातात धरून तशीच उभी राहिली. लग्न होऊन ती अकोल्यात आली तेव्हा पहिल्याच रमजानात माहेरच्या सवयीनं तिचा हात लवकर पुढे गेला होता, आणि याच सासूनं तो धरला होता. इथला सूर्य तुमच्या अमरावतीनंतर बुडतो, असं सांगितलं होतं. जैनबबी आत पाणी पीत होती. तिनं खजूर कधीच खाल्ला होता.

दुसऱ्या दिवशी तहेसीन मशिदीच्या दारात येऊन वकारसेठना भेटली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग अमरावतीहून स्वप्निलला बोलावलं. तो दुपारी आला, स्टुलावर चढला, रिमोटची चार बटणं दाबली आणि माझ्यात अकोला भरलं. बस, एवढंच काम होतं.

"किती दिवस असंच चालून राहिलं होतं?" त्यानं विचारलं.

वकारसेठ म्हणाले, कालच बिघडलं.

"बिघडलं नाई जी. याले कोणी गावच नाई सांगतलं," स्वप्निल म्हणाला. काचेवरचं सोनेरी नाव वाचून तो रिमोट दस्तगीरचाचांच्या हातात देऊन निघून गेला.

तहेसीनला वाटलं, आता मशिदीतून सांगितलं जाईल. इमामसाहेबही म्हणाले की जुम्म्याला, शुक्रवारच्या नमाजात, जाहीर करावं, लोकांना कझा ठेवता येतील. वकारसेठनी त्यांना ईद होऊ द्या म्हणून थांबवलं. इमामसाहेब पगारी माणूस, गप्प बसले. दस्तगीरचाचांना उलट ऐकवलं की रोज घड्याळाखाली उभा राहतोस, तुला दिसलं नाही का. ज्यांनी तक्ता उतरवला त्यांनीच हे विचारावं, याचं मला आजही नवल वाटतं. ईद झाली, शीरखुर्मा झाला, गळाभेटी झाल्या. जाहीर काहीच झालं नाही. तहेसीन पुन्हा गेली तेव्हा वकारसेठनी दोनच वाक्यांत विषय संपवला.

"साऱ्या मोहल्ल्याले काय सांगू, का तुमचा महिना वाया गेला? अल्ला माफ करणारा हाय, तुमी काहून आग लावून राहिल्या?"

तिनं शेजारच्या बायकांना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, तसं असतं तर मशिदीनं सांगितलं नसतं का.

आता तिच्यापुढे एकच प्रश्न उरला, सासूला सांगायचं की नाही. सांगितलं तर ती म्हातारी वैशाखाच्या उन्हात सगळे रोजे पुन्हा ठेवायला बसणार, हे तिला दिसत होतं. न सांगावं तर जिनं जिवावर उदार होऊन ते ठेवले, तिला अंधारात ठेवून मरू द्यायचं. किती तरी दिवस तहेसीन उंबऱ्यात तांदूळ निवडत माझ्याकडे बघत बसायची. शेवटी एका सकाळी तिनं सासूच्या पायाशी बसून सगळं सांगितलं.

जैनबबी रडली नाही, चिडलीही नाही. हातातली तस्बीह, जपाची माळ, तिनं बाजूला ठेवली.

"बाकीच्यायले माईत हाय का?"

"नाई, अम्मी. सदर सांगत नाई."

"त्याचं तो पाईन. तू मले सांगतलं, हे बरं केलं."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या घरात दिवा लागला. तहेसीननं हात जोडले, डॉक्टरांचं नाव काढलं, काही उपयोग झाला नाही. मशिदीच्या भिंतीला टेकून भाजी विकणाऱ्या माणिकबाईनंही तिला हटकलं. रमजान तर सरला, मग म्हातारे, काहून उपाशी राहतेस, म्हणाली. जैनबबी कोथिंबिरीची जुडी उचलत म्हणाली, "बरोबर नव्हते झाले, बाई. पुन्हा करून राहिली."

अकोल्याचा एप्रिल तुम्हाला मी काय सांगू. दुपारी कावळासुद्धा बोलत नाही. निम्मे रोजेही झाले नव्हते. एका दुपारी ती मोरीजवळ कोसळली. शेजाऱ्यांनी उचलून दवाखान्यात नेलं. संध्याकाळी तिला आणलं ते पांढऱ्या चादरीखाली. त्या दिवशी माझा मगरीबचा आकडा अचूक होता. मी कधी स्वतःच्या बरोबर असण्याचा इतका तिरस्कार केला नव्हता.

मयतीला सगळा मोहल्ला लोटला. रमजान नसताना म्हातारी रोजे का ठेवत होती, असं कुणीतरी विचारलं. वकारसेठ पुढच्या रांगेत होते. "जिद्दी होती, पण मोठी अल्लावाली बाई," ते म्हणाले, आणि भोवतालच्या माणसांनी माना हलवल्या. तहेसीन दाराआडून ऐकत होती.

मी अजून त्याच भिंतीवर आहे. सोनेरी नाव थोडं उडालंय. दिवसातून पाच वेळा सगळे माझ्याकडे बघतात, आणि सदर, इमाम आणि दस्तगीरचाचा सोडले तर त्यांतल्या एकालाही माहीत नाही की त्याचा तो जवळजवळ अख्खा महिना अजून राहिलेला आहे. तुम्ही त्या वर्षी आमच्याकडे लवकर इफ्तार होतो म्हणून आला असाल, तर माझं ऐका आणि ते रोजे पुन्हा ठेवा. मशीद तुम्हाला सांगणार नाही. आणि यापुढे माझ्यासारख्या कुणाला वेळ विचाराल, तेव्हा आधी त्याला गाव सांगा.

तहेसीन सध्या स्वतःचे कझा ठेवते आहे. संध्याकाळी ती खजूर घेऊन उंबऱ्यात येते, सासू बसायची त्याच जागी. माझा आकडा येतो, दस्तगीरचाचा अजान देतात, मोहल्ला नमाजाला वळतो. ती हलत नाही. आणखी तीन मिनिटं तशीच बसून राहते आणि मगच खजूर तोंडात घालते. मी आता बरोबर आहे, बाई, आता खा, असं मला रोज सांगावंसं वाटतं. पण ती माझ्याकडे बघतच नाही.