जयदेवच्या बापाचा पाग

मित्रांनो, माझ्या अंगाला अजून खाडीच्या चिखलाचा वास येतो, पण हल्ली मी डोंगराच्या पायथ्याशी राहतो. मी एक जुना पाग आहे. पाग म्हणजे हाताने फेकायचे गोल जाळे. कामोठ्याकडच्या खाडीकाठी जयदेवच्या बापाने एका पावसाळ्यात बसून मला गाठ गाठ घालत विणले आणि कडेला शिशाचे मणी ओवले. आधी बापाने, मग जयदेवने मला कितीतरी वर्षे फेकले. पाण्यावर मी ताटासारखा गोल पडायचो. बघणारे वाहवा करायचे.

पुढे खाडीत मासळी कमी झाली. जयदेव आणि त्याची बायको पुतळाबाई पनवेलच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एका बंगल्याची राखण करू लागली. मालक मंडळी शनिवार-रविवारी येत. एकदा मालकीणबाई म्हणाल्या, वटवाघळे चिकू खातात, झाडावर जाळे टाका.

"इकत कशाला आनाचा? माझ्या बापाचा पाग हाय ना," जयदेव म्हणाला.

असा मी ठेंगण्या चिकूवर चढलो. काय सांगू! जन्मभर मी चिखल आणि शेपट्याच पाहिल्या होत्या. इथे पिवळाधमक हळद्या पक्षी येई, मुंगूस पिल्लांना मागे घेऊन फिरे. कुंपणाच्या बांबूत एक धामण होती. ती उंदरामागे निघाली की गवत नुसते शहारून जाई. तिच्याइतके देखणे चालणे मी खाडीतही पाहिले नाही.

पण जयदेवने मला कोळ्याच्या सवयीने बांधले. सैल पाग मासा धरतो, म्हणून त्याने मला सैल सोडले. माझी कड गवतात लोळत राहिली.

एका सकाळी पुतळाबाईची हाक आली, "अवं, या बघाला! तुमच्या पागात मासा घावलाय, चांगला चार हातांचा!"

धामण होती. पुढे सरकावे तितक्या माझ्या गाठी तिच्या अंगात रुतत होत्या. मला लाज वाटली, पण मी काय करणार? जयदेवने ओला गोणपाट तिच्या तोंडावर टाकला आणि माझ्या विणीचे एकेक घर सोडवू लागला. सुटेना. धामण थकत चालली.

"आजपरत धरलाच," तो पुटपुटला, "जित्ता सोडाला कवा शिकलोच नाय."

पुतळाबाईने कात्री पुढे केली. "कापा."

"बापाचा हात हाय यात, पुतळे."

"मामंजींनी मासलीसाठी इनला व्हता. ही काय कालवनात घालाची हाय का?"

जयदेव थांबला. मग त्याने कात्री घेतली. धामणीच्या अंगाला टोक लागू न देता तो एकेक धागा कापत गेला. पुतळाबाईने गोणपाट तसूभर हलू दिला नाही. शेवटचा धागा तुटला. धामण क्षणभर पडून राहिली, मग बांबूकडे निघून गेली.

माझ्यात माणूस शिरेल एवढे भोक पडले. जयदेवने मला उतरवले आणि गवतातले तुकडे एकेक करून वेचले, पाखरांनी घरट्यात नेऊ नयेत म्हणून. बापाच्या गाठी त्याच्या मुठीत होत्या. तो बराच वेळ मूठ उघडेना.

मित्रांनो, झाडावर जाळे टाकायचेच असेल तर ताणून बांधा, जमिनीपासून वर ठेवा आणि रोज सकाळी एक फेरी मारा. आम्हा जाळ्यांना धरता येते. सोडायला मात्र माणूसच लागतो.