दुसरा कप

"एवढ्याशा चहात काय होतंय!" मामंजी कपात डोकावत पुटपुटले. ताटलीत धाकट्या जावेच्या हातचा केक होता. मी मुकाट्याने कप काठोकाठ भरला. आमच्याकडे केक आला की चहाचं आधण दुसऱ्यांदा चढतं. का, ते कुणी विचारत नाही.

तेवढ्यात धाकटी खालच्या तिच्या केकच्या दुकानातून फोन घेऊन धावत वर आली. "ताई, बघा, कशी जिरवली!"

दुकानाच्या नेटवरच्या पानावर दातांच्या डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं, "केक देखणा होता, थोडा कोरडा वाटला." बस्स. त्याखाली धाकटीचं उत्तर, साऱ्या जगाला दिसेल असं: "आधी स्वतःचे दात तपासा. आणि स्वतःच्याच वाढदिवसाच्या केकवर 'सर्व मैत्रिणींकडून' लिहून घेतलंत, तो न्यायला एकट्याच आला होतात, हे सांगू का?"

"अगं बाई, सांगून झालं की!" मी कपाळाला हात लावला. "गिऱ्हाइकाचं आपल्याला कळलेलं आपल्यापाशीच ठेवायचं असतं गं!"

तिचा चेहरा पडला. तिथल्या तिथे तिने ते पुसलं, फोन लावला आणि "चुकलं हो माझं, रागात लिहून बसले," म्हणताना कानापर्यंत लाल झाली. डॉक्टरीणबाई भल्या, "असू दे" म्हणाल्या. पण रविवारच्या लग्नातला तीन मजली केक, दुकानाचं पहिलं मोठं काम, अधांतरी लटकलं होतं. नवरीच्या आईने ते सगळं वाचलं होतं. "संध्याकाळी कळवते," एवढंच म्हणाल्या होत्या.

"काळजी सोडा!" भाऊजी शीळ घालत आत आले. "नवरा कशाला असतो? अनोळखी गिऱ्हाईक बनून असं कौतुक लिहून आलोय!"

आम्ही पाहिलं. "मी या दुकानाला ओळखत नाही. पण इतका मऊ केक जन्मात खाल्ला नाही." आणि वर ठळक अक्षरांत दुकानाचंच नाव, शेजारी आमच्याच दुकानाची खूण, लालबुंद चेरी.

"अहो, हे दुकानाच्या फोनवरून लिहिलंत!" धाकटी किंचाळली.

खाली कुणीतरी विचारलं होतं, "दुकान स्वतःलाच ओळखत नाही? डॉक्टरांना दाखवा!" त्यावर हसऱ्या तोंडांची रांगच लागली होती. मला हसू आवरेना. धाकटी आधी रडकुंडीला आली, मग तिलाही हसू फुटलं. भाऊजी उशीत तोंड खुपसून बसले आणि ती उशीसुद्धा गदगदा हलायला लागली.

डोळे पुसून धाकटीने परत फोन उचलला. "आता खोटं काही नाही. खरं तेच लिहिते. 'आमच्या घरात हा केक रोज खातात, आजवर एकानेही तक्रार केलेली नाही.' बरोबर ना, ताई?"

मी खिडकीबाहेर बघितलं. भाऊजींना एकाएकी उशीची शिवण तपासावीशी वाटली.

"पाठवू ना?" तिचं बोट काचेपासून तसूभर वर थांबलं होतं.

मामंजींनी कप खाली ठेवला. "थांब पोरी. आम्ही तक्रार नाही केली, ती तुझ्या मायेपोटी. पण त्या बाईंचं खरं आहे. केक कोरडा असतो. मी दुसरा कप काय हौसेने मागतो?"