पथ्याच्या शेंगा

“माय, इकडं ये. हे बघ.”

मोरीत हरिओम उभा होता आणि दैवशाला वाकून फरशीकडे बघत होती. पोराची लघवी काळ्या चहासारखी झाली होती. गोपिकाबाईंनी नातवाची पापणी खाली ओढून पाहिली. डोळे पिवळे होते.

“कावीळ हाय,” त्या म्हणाल्या. “भ्यायचं न्हाई. माळ घालून आणू.”

भ्यायचं नाही म्हणणाऱ्याचाच आवाज कापत असला की ऐकणारा दुप्पट घाबरतो. दैवशालाचं तसंच झालं. ती बियाण्यांच्या कारखान्यात निवडणीला जायची आणि खराब दाणा तिच्या नजरेतून सुटायचा नाही. पण घरात मात्र आईच्या शब्दाबाहेर जायची तिला सवय नव्हती. नवरा शिवशंकर लोखंडाच्या मिलमध्ये पाळीवर होता. मायलेकी पोराला घेऊन जीपने अंबडच्या वाटेवरच्या एका खेड्यात गेल्या.

तिथल्या म्हाताऱ्याने हरिओमच्या डोक्यावर बारक्या काड्यांची माळ बसवली. “माळ लांबत जाईल, तशी कावीळ उतरंल. तेल, हळद, तिखट बिलकुल बंद. उकडलेलं खाऊ घाला.”

घरात बाकल्याच्या, पावट्यासारख्या पण जाड दाण्यांच्या शेंगा होत्या. शिवशंकरच्या मिलमधल्या राधेश्यामने खोलीमागे आपल्या बिहारकडचं बी लावलं होतं आणि पिशवीभर शेंगा हौसेने दिल्या होत्या. आपल्याकडे बाकला कोण खातंय, पण हरिओमला दाणे भारी आवडले. लघवी काळी व्हायच्या आदल्या दिवशी त्याने वाटी चाटूनपुसून खाल्ली होती. पथ्याला याहून चांगलं काय मिळणार, म्हणून दैवशालाने तेच दाणे मीठ घालून उकडले आणि त्याला भरवले.

दुसऱ्या दिवशी माळ खरंच गळ्यापर्यंत आली. गोपिकाबाईंना हायसं वाटलं. हरिओम मात्र उठून बसेना. दैवशालाने त्याचे ओठ पाहिले, तळहात उलटून पाहिले. कुठेच रंग नव्हता.

“माय, माळ उतरून राह्यली अन् पोरगं संपून राह्यलं. मी दवाखान्यात चालले.”

“एक दिस थांब, बाई.”

“न्हाई थांबत.”

आईला तिने असं आजवर कधी म्हटलं नव्हतं.

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पोराला पाहिलं आणि लगेच रक्त मागवलं. “काय काय खाल्लं याने?”

“पथ्याचंच दिलं, मॅडम. उकडलेला बाकला.”

डॉक्टरबाईंनी सावकाश समजावलं. पोराच्या रक्तात जन्मापासूनच एक एन्झाइम कमी असावं. अशांनी बाकला खाल्ला की तांबड्या पेशी फुटतात. वरून कावीळ दिसते आणि आत रक्त संपत असतं. “बहुतेक आईकडून येतं हे. तुमच्या माहेरी कुणी मुलगा असा गेलाय का?”

सोबत आलेल्या गोपिकाबाई खाली बघत म्हणाल्या, “माझा थोरला. हिवतापाच्या गोळ्या चालू व्हत्या. असाच पिवळा पडल्ता.” मग म्हणाल्या, “त्यालाबी माळच घातल्ती.”

“काही गोळ्यांनीही असं होतं,” डॉक्टरबाई हलकेच म्हणाल्या.

रक्ताची पिशवी लागली. दैवशाला थेंबांकडे बघत बसून राहिली. थेंब थांबला की काय असं वाटून ती सारखी दचकत होती. पोराला आपण आपल्याच हाताने विष भरवलं, हे तिला कळत होतं आणि सोसवत नव्हतं.

हरिओम वाचला. ओठांवर रंग आला, लघवी साफ झाली, भूक लागली. डॉक्टरबाईंनी बजावलं, बाकला आयुष्यात कधी नाही, कपड्यातल्या डांबराच्या गोळ्या घरात नकोत, कुठलंही औषध विचारल्याशिवाय नाही. हरभरा, तूर, मूग खुशाल खाऊ द्या.

निघायच्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने पदरातले फुटाणे त्याच्यापुढे धरले. “घे, बाळा.”

एरवी त्याने झडप घातली असती. आज त्याने हात पुढे केला नाही, आधी आईकडे पाहिलं.

फुटाणे म्हणजे हरभरा, हरभरा चालतो, हे दैवशालाला माहीत होतं. तरी ‘घे’ म्हणायला तिचं तोंड उघडेना.

तिच्या तोंडाकडे बघत हरिओमने हात मांडीखाली घातला. “मला न्हाई चालत, आजी,” तो म्हणाला.