देवाच्या वाट्याची गाठ

अमेरिकेत लढाई पेटून तिकडचा कापूस बंद पडल्यापासून अमरावतीत कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि धर्माजीला भक्तीचा उमाळा. ख्रिस्ती मंडळीतला तो सर्वांत मोठा व्यापारी. यंदाच्या सुगीच्या उपकारस्तुतीला त्यानं पहिल्या वेचणीच्या कापसाची अख्खी गाठ देवाला वाहिली. प्रार्थनाघरात ती मधोमध मांडली होती, वर झेंडूचा हार.

"हे सगळं प्रभूच्या गौरवासाठी," धर्माजी डोळे मिटून म्हणाला. पाद्रीसाहेबांनी मान डोलावली.

पुढच्या रांगेत बसलेल्या सारजाबाईनं मात्र नाकाला पदर लावला होता. गाठीतून कुजका, आंबूस वास येत होता. धर्माजीच्या वखारीत ती गाठी बांधायची, त्यामुळे तो वास तिच्या ओळखीचा होता. वजन वाढावं म्हणून मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक गाठीत पाणी मारायचं, असा धर्माजीचा हुकूमच होता.

ती उठली. गाठीत हात खुपसून तिनं काळपट, बुरसलेला कापूस ओढला आणि टेबलावर बायबलाशेजारी ठेवला.

"देवाले बी मुंबईचा दलाल समजले का तुमी, धर्माजी?"

धर्माजीनं डोळे उघडले. आवाज गोडच होता.

"बाई, या गाठीत पाणी कोणं मारलं?"

सारजाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. आत्ता तिला आठवलं, आठ दिवसांमागं तिनंच मारलं होतं. ही गाठ देवाची, असं त्यानं बजावलं असूनही तिचा हात सवयीनं घागरीकडे गेला होता, आणि ओठांवर भजन होतं.

"प्रार्थना करू या," पाद्रीसाहेब म्हणाले.

तिनं हात जोडून नाकाशी आणले, बोटांना तोच आंबूस वास आला, आणि तिनं ते तसेच खाली सोडले.