गुडघ्याएवढी भिंत

आमच्या रो-हाउसची पुढची भिंत गुडघ्याएवढी आहे. बिल्डरच्या मते त्यामुळे घर मोकळं दिसतं. त्यामुळे अण्णाही मोकळे होतात. फाटकाला कुलूप असलं की ते भिंतीवरून टांग टाकतात आणि शेतावर निघतात. शेत विकलं, हे त्यांना दर वेळी नव्याने सांगावं लागतं. मागच्या वेळी पेठ रोडला सापडले, अनवाणी, पाय सोललेले.

भिंत वाढवायला सोसायटीची परवानगी नाही. झाडं लावायला आहे. भिंतीच्या माथ्यावर मातीचा चर सोडलाय.

गंगापूर रोडच्या नर्सरीवाल्या सुवर्णाताईंना मी म्हणालो, "वडील ओलांडणार नाहीत असं काहीतरी द्या."

"बोगनवेल न्या. काटे असतात."

"त्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या आहेत. काटा लागला की थेट दवाखाना."

"मग तुळस. तुळस कोण ओलांडतं?"

अण्णांनी चपला काढून हातात घेतल्या, तुळशीला नमस्कार केला, माफी मागितली आणि ओलांडली. कोपऱ्यावर पकडले.

माझी बहीण वैष्णवी पायरीवर बसून रडली. रडता रडता तिलाच सुचलं. अण्णांनी जन्मभर भाजी पिकवलेली. पेरलेल्या वाफ्यात पाय पडला म्हणून लहानपणी आम्हा दोघांना झोडपलेलं. आम्ही चरात मेथी पेरली.

अण्णा भिंतीशी खुर्ची टाकून बसायला लागले. पाणी घालायचे, चिमण्या हाकलायचे. आम्ही निवांत झोपायला लागलो. शेतकऱ्याची पोरं असून, तयार मेथी बाजारात जाते हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

शनिवारी सकाळी चर रिकामा. अण्णाही नाहीत.

ते चौकात एटीएमसमोर सापडले, उपरण्यावर जुड्या मांडून. मी वैष्णवीला फोन केला, "गाडी आण. पटकन."

"अण्णा, घरी चला."

"माल संपल्याबिगर? येडा हायेस का, भाऊ?"

मुलाचा मी भाऊ झालो होतो.

"आणि संपल्यावर?"

"मंग गावाला."

दंड धरला तर "चोर! चोर!" म्हणून ओरडले. म्हणजे माल संपू द्यायचा नव्हता. मी शेजारी मांडी घातली.

"कशी दिली?" एका मावशींनी विचारलं.

"पाचशेला जुडी," मी मध्येच सांगितलं.

"ह्याचं नका ऐकू, ताई. धा रुपये."

"किडकी आहे, मावशी," मी म्हणालो.

"ताजी दिसतेय की!"

पुढच्या गिऱ्हाइकांना मी मेथीवर नाल्याचं पाणी घातल्याचं सांगितलं. तरी जुड्या गेल्या. नाशिककरांचा मेथीपुढे इलाज नाही. शेवटची जुडी त्याच मावशी परत येऊन घेऊन गेल्या. अण्णांनी उठून उपरणं झटकलं. गाडीचा पत्ता नव्हता.

मी मावशींच्या मागे धावलो. "ती जुडी परत द्या. पाया पडतो."

"का रे?"

"माल संपला की वडील निघून जातात."

त्यांनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. दोघांतला नक्की कोण बिघडलाय, हे ठरवत असाव्यात. मग पिशवीतून जुडी काढून दिली.

मी ती अण्णांच्या हातात ठेवली. ते पुन्हा उकिडवे बसले.

"माघारी आली? कायतरी खोट असंल." जुडी सोडून ते पिवळं पान शोधायला लागले.

"लय खोट आहे, अण्णा," मी म्हणालो. "एकेक पान नीट बघा."