गडग्यामागची बाई

"वाका! अजून वाका!" एलुनेद दात आवळून कुजबुजली. "डोकं दिसतंय तुमचं."

"याच्याहून वाकलो तर मी इथेच उगवेन," क्रिस्पिन म्हणाला. त्याची हनुवटी ओल्या गवतात रुतली होती, आणि नाकासमोर मेंढ्यांनी अलीकडेच सोडलेला ऐवज होता.

दोघंही दगडी गडग्याच्या आड पालथे पडले होते. समोर खिंड, खिंडीत धुकं, आणि त्या धुक्यात पाठीवर बोजे घेतलेली चार पोरं एका नकाशावर भांडत होती.

एलुनेदचं अख्खं आयुष्य अशा गडग्यांच्या मागे गेलं होतं. वेल्समधल्या कुम हेलिगच्या केंद्रात ती तीस वर्षं शहरातल्या पोरांना डोंगर शिकवत आली होती. चार दिवस नकाशा, होकायंत्र, तंबू आणि चूल शिकवायची. पाचव्या दिवशी पोरांना एकटं सोडायचं: जा, डोंगर ओलांडा, संध्याकाळी पलीकडच्या तळ्यावर पोचा. पोरं निघाली की एलुनेद चोरासारखी मागे. झुडपात, ओढ्यात, मेंढ्यांच्या कोंडवाड्यात. जिवावर बेतलं तरच बाहेर यायचं, एरवी दिसायचं नाही. बाई दिसली की पोरांचा डोंगर गेला, असं ती म्हणायची. आजवर हजारो पोरं तळ्यावर पोचली होती. आपल्या मागे कोणी होतं हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. एलुनेदला याचा भारी अभिमान होता, आणि पंचाईत अशी, की तो मिरवण्याची सोय नव्हती.

मागच्या वर्षी क्रिस्पिन केंद्राचा प्रमुख होऊन आला. आधी तो सुट्टीची रिसॉर्टं चालवायचा. माणूस वाईट नव्हता, पण पोरांना खरचटलं की त्याच्याच डोळ्यांत पाणी यायचं. आल्या आल्या त्याने पाऊस असेल तर कार्यक्रम रद्द असा नियम काढला. वेल्समध्ये! त्या महिन्यात पोरांनी नुसते पत्ते कुटले. चढायची भिंत त्याने इतकी ठेंगणी केली, की पडायचं म्हटलं तर पडायला जागा उरली नाही. अंधाऱ्या गुहेत दिवे लावले. शौर्याचं प्रमाणपत्र आल्याबरोबर हातात द्यायला सुरुवात केली, कारण जाताना पोरांची घाई होते.

आता त्याची नजर पाचव्या दिवसावर होती. वाटेतल्या धोंड्यांवर पिवळे बाण रंगवायचे आणि खिंडीत गरम चॉकलेटची टपरी टाकायची. रंगाचे डबे येऊनही पडले होते.

"एक दिवस माझ्याबरोबर चला," एलुनेद म्हणाली होती. "पोरांना मी एवढासासुद्धा इशारा केला, तर खुशाल बाण रंगवा. मीच ब्रश धरते. पण ती आपली आपण पोचली, तर डबे परत."

"कबूल," क्रिस्पिन म्हणाला आणि सकाळी भडक नारिंगी जाकीट घालून हजर झाला. चंद्रावरूनही दिसला असता. एलुनेदने त्याच्यावर एक जुनी मळकट पांढरी ताडपत्री घातली आणि बजावलं, "पोरं आसपास असली की उभं राहायचं नाही. रांगायचं." ताडपत्री मेंढ्यांच्या बाळंतपणात वापरलेली होती. लांबून तो मेंढीसारखा दिसत होता, जवळून तसाच वास येत होता.

"अगं नेरिस, डावीकडे कुठे? ती मेंढ्यांची वाट आहे!" धुक्यातून टायरोनचा आवाज आला.

"नकाशा कोणाच्या हातात आहे?"

"तुझ्या. म्हणून तर भीती वाटते."

"मग पुढे चल आणि तोंड बंद ठेव."

चौघं डावीकडे वळली. तळं होतं उजवीकडे. पाठोपाठ फराह आणि ग्विलिमही धुक्यात दिसेनासे झाले.

"चुकली," क्रिस्पिन म्हणाला. त्याच्या आवाजात काळजी होती आणि थोडा पिवळा रंगही होता.

"चुकू दे. चुकल्याशिवाय कळत नाही."

पण बराच वेळ गेला आणि पोरं काही वळेनात. एलुनेदने दोनदा घड्याळ पाहिलं. तीस वर्षांत असं कितीदा झालं होतं, पण तेव्हा बाजूला ताडपत्रीत गुंडाळलेला साहेब नव्हता. पोरं आता खालच्या खोऱ्यात उतरतील, संध्याकाळ होईल, मग शोधाशोध, मग बाण. आणि मग तिने आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. तोंडात दोन बोटं घातली आणि उजव्या बाजूला तोंड करून टिटवीसारखी शीळ घातली. पोरं तिकडे बघतील, वाट दिसेल.

"हा इशारा झाला," क्रिस्पिन म्हणाला.

"टिटवी होती."

"तोंडात बोटं घातलेली टिटवी?"

पोरांनी काही ऐकलं की नाही कोण जाणे, पण खालच्या उतारावर इफान या म्हाताऱ्या मेंढपाळाच्या मॉट कुत्र्याने नीट ऐकलं. एलुनेद धनगराची लेक. लहानपणी बापाच्या कुत्र्यांना शीळ घालूनच ती शीळ शिकली होती. तिच्या लेखी ती टिटवी असेल, मॉटच्या लेखी तो हुकूम होता: डावीकडून घेर आणि खाली आण.

मॉट बाणासारखा आला. त्याने गडग्यापाशी चरणाऱ्या सहा मेंढ्या गोळा केल्या, आणि जरा विचार करून सातवीही घेतली.

"एलुनेद, हा माझ्याकडे असं काय बघतोय?"

"हलू नका!"

क्रिस्पिन हलला. मॉटने त्याच्या टाचेपाशी एकदा दात वाजवले आणि केंद्राचा प्रमुख चार पायांवर उतार उतरू लागला. उभं राहायचं नाही ही आज्ञा त्या स्थितीतही तो पाळत होता. माणूस शब्दाचा पक्का, हे एलुनेदला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

खाली दलदल होती. मेंढ्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या माहीत, त्या ऐन वेळी वळल्या. सातवी सरळ गेली.

"वाचवा! अरे कोणीतरी वाचवा!"

एलुनेद गडग्याच्या आडोशाने धावत दलदलीपाशी आली. क्रिस्पिन कमरेपर्यंत आत होता. ती दलदल जीव घेणारी नव्हती, पण धरलेलं सोडणारीही नव्हती. एलुनेदने पिशवीतून दोर काढला, एक पाय गडग्यावर टाकला, आणि तेवढ्यात धुक्यातून चार आकृत्या आल्या. ती झटकन खाली बसली.

"मेंढी आहे का रे?" टायरोन म्हणाला.

"मेंढी इंग्रजीत शिव्या देत नाही," ग्विलिम म्हणाला.

"कोणी पुढे जायचं नाही!" नेरिस कडाडली. "बोजे उतरवा. फराह, झोपायच्या चटया काढ. सगळ्या."

एलुनेदने दोर मुठीत आवळला. मनात ती ओरडत होती, पालथं झोपून जा रे, पालथं! फराहने चटया आडव्या-उभ्या एकमेकींवर टाकल्या. सगळ्यात हलका ग्विलिम पालथा झोपून सरकत पुढे गेला आणि तंबूच्या दोरांची पीळ घातलेली दोरी त्याने त्या माणसाच्या काखेतून घेतली. मागून तिघांनी ओढलं. दलदलीने एक मोठा ढेकर दिला, एक बूट ठेवून घेतला आणि बाकीचा क्रिस्पिन परत केला.

नेरिसने त्याच्या तोंडावरचा चिखल पुसला आणि ती गारच पडली. "सर? तुम्ही?"

"अरेच्चा, आपले प्रमाणपत्रवाले सर!" टायरोन म्हणाला.

"तुम्ही इथे काय करताय?" नेरिसचे डोळे बारीक झाले. "आमच्या मागावर होतात का?"

एलुनेदने गडग्याच्या फटीला डोळा लावला. आता हा 'हो' म्हणणार. मग पोरांनी जे केलं ते सगळं खोटं होणार, जन्मभर त्यांना वाटत राहणार की कोणीतरी मागे होतंच. क्रिस्पिनने गडग्याकडे पाहिलं. दोन दगडांच्या फटीतून दिसणारा तिचा डोळा त्याला दिसला असावा.

"नाही," तो म्हणाला. दात वाजत होते. "मी... वाट चुकलो."

"एकटेच? नकाशाशिवाय?" नेरिस संतापली. "आणि हे काय पांघरलंय? कमाल आहे, सर! आम्हाला चार दिवस काय शिकवलं?"

"जाऊ दे गं," टायरोनने त्याला पायमोजे दिले. "सर, लाजायचं नाही. आम्हीपण चुकलो. हिने नकाशा—"

"मी कबूल केलंय ना एकदा?"

"ओढा उजव्या हाताला हवा होता," ग्विलिम शांतपणे म्हणाला, "लागला डाव्या हाताला. म्हणून परत फिरलो. एवढंच."

"तुम्हाला शीळ... म्हणजे, टिटवीबिटवी ऐकू नाही आली?" क्रिस्पिनने विचारलं.

"आली की. तेव्हा आम्ही वळून अर्ध्या वाटेत होतो," फराह चूल पेटवत म्हणाली. "पण ती आजारी असावी. घसा बसलेला होता."

गडग्यामागे एलुनेदने हातमोजा तोंडात कोंबला. अपमान गिळायला की हसू दाबायला, तिचं तिलाच कळेना.

चहा झाला. बूट गेलेल्या पायाला प्लास्टिकची पिशवी बांधली. क्रिस्पिन पेला धरून म्हणाला, "समजा, या धोंड्यांवर पिवळे बाण रंगवलेले असते तर? तुम्ही चुकला नसता."

"मग तुम्ही अजून चिखलातच असता, सर," टायरोन म्हणाला. "आम्ही बाणामागून गेलो असतो. इकडे कशाला फिरकतोय कोण?"

क्रिस्पिनने आपल्या पिशवीतल्या पायाकडे पाहिलं. मग हसला, चिखलातून दात दिसले. "खरंय," म्हणाला.

"चला, उठा," नेरिसने बोजा चढवला. "एकट्याला सोडणार नाही तुम्हाला. मधे चालायचं. आणि मी थांब म्हटलं की थांबायचं."

"हो," क्रिस्पिन म्हणाला.

पाचही जणं निघाली, खिंडीकडे, उजवीकडे. नेरिस पुढे नकाशा धरून, मधे एक पिशवीवाला पाय फटफटत. एलुनेद जागची हलली नाही. तिचे गुडघे भिजून बधिर झाले होते. तिच्याशिवाय सगळं पार पडलं होतं, अगदी तिची शीळसुद्धा वाया गेली होती. इतकं छान तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

इफान म्हातारा काठी टेकत वर आला. मागे मॉट, फार मोठं काम केल्यासारखा. म्हाताऱ्याने विरळ झालेल्या धुक्यातून डोंगराच्या धारेवरून जाणाऱ्या पाच आकृत्यांकडे पाहिलं.

"पोरी, कुणाची गं ही पोरं? तुझी का?"

"नाही," एलुनेद म्हणाली. "आपली आपण चाललीत."

धार ओलांडून शेवटची पाठ दिसेनाशी झाली, तशी ती उठून दलदलीच्या काठाशी गेली. चटयांचे ठसे अजून ताजे होते, आडवे, उभे, एकावर एक. हे तिने कधीच शिकवलं नव्हतं. ती वाकून बघत राहिली, आणि बघता बघता तांबूस पाणी कडेकडेने ठशांत भरत गेलं.